पुठ्ठा होता ना?

परवा आमच्या खोलीतल्या एसीत गॅस भरायला मेकॅनिक आला. त्यानं सिलेंडर चक्क वजनकाट्यावर ठेवला. "जुना सगळा काढायचा, आजी, आणि मशीनच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच मोजून भरायचा. ऊन असो, ढग असो, चुकायला जागाच नाही."

"बरं आहे, बाबा," म्हटलं आणि आत जाऊन बसले.

आमचे हेही एसीचे मिस्त्रीच, पण ह्यांचा वजनकाटा म्हणजे त्यांचा तळहात. मशीनकडे परत येणारा जाड पाइप मुठीत धरायचे आणि गॅस थोडा थोडा सोडायचे. पाइप भरल्या माठाच्या पोटासारखा गार लागला, त्याला घाम सुटला, की म्हणायचे, "झालं. आता कणभरही नको." पस्तीस वर्षं तो हात चुकला नाही. पुढे नजर गेली, समोरचं माणूससुद्धा सावलीसारखं दिसायला लागलं. तेव्हापासून दाबाचा काटा वाचायला मी सोबत जायचे. लोक मला मिस्त्रीणबाई म्हणायचे. मला ते आवडायचं.

त्यांचा एक नियम होता. बाहेरचं मशीन हवेनं थंड होतं, म्हणून हवाच गार असली की ते फसवतं. दाब चढत नाही, पाइप गार पडत नाही, आणि गॅस पुरेसा असूनही कमी वाटतो. मग जास्त भरला जातो, आणि कडक ऊन पडलं की तोच कॉम्प्रेसर जाळतो. ढगाळ दिवशी ते मशीनच्या जाळीवर पुठ्ठा धरायला लावायचे. वारा अडला की मशीनला वाटतं, ऊन आहे. मग दाब चढतो, मग हात खरं सांगतो.

एका वर्षी गॅस गळाला तो आमच्याच घरातल्या मशीनचा. ते मशीन होतं वन्संच्या खोलीत. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. जिन्यावरून पडून मानेखाली लुळ्या झालेल्या. अंगाला घाम येणंच बंद झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली तापली की ह्या तापतील, आणि मग हाताशी वेळ नसेल. जीभ मात्र शाबूत. सगळ्या अंगाचं बळ तिथंच गोळा झालेलं.

ह्यांनी गळका सांधा जोडला. दिवस ढगाळ होता. आम्ही दोघं गच्चीवर, मी दोन्ही हातांनी पुठ्ठा धरून उभी. खालून वन्संची हाक.

"वहिनी! गच्चीवर दुसरा संसार मांडलात की काय?"

"आले हो, दहा मिनिटं!"

"दहा मिनिटांत माशी माझं नाक खाऊन टाकेल! दादाला म्हणावं, बायको जरा उसनी दे!"

मला हसू आलं. मी पुठ्ठा मशीनला टेकवला आणि खाली पळाले. माशी हाकलली, नाक पुसलं, दोन घोट पाणी पाजलं. वर आले तर पुठ्ठा वाऱ्यानं उडून टाकीमागच्या सांदीत पडलेला. हे पाइप धरून, डोळे मिटून बसलेले.

"काटा किती?"

मी वाचला.

"एवढा खाली? पुठ्ठा आहे ना?"

"आहे."

का म्हटलं? मी पुठ्ठा सोडून गेले म्हणून हे रागावले असते. सांदीत हात घालायचा कंटाळा आला. एवढ्यानं काय होतंय, असंही वाटलं असेल. इतक्या वर्षांत पुष्कळ कारणं शोधली, एकही पुरत नाही.

"मग गॅसच कमी आहे," म्हणून ते भरत राहिले. शेवटी पाइप गार झाला. "झालं," म्हणाले.

चौथ्या दिवशी ढग गेले आणि ऊन असं पडलं की गच्चीवर पाय ठरेना. जेवताना ह्यांनी घास हातातच धरला.

"मशीनचा आवाज जड येतोय. गॅस जास्त झालाय का? थोडा सोडून देऊ?" मग माझ्याकडे तोंड करून, "पुठ्ठा नक्की होता ना गं?"

वन्सं आतून म्हणाल्या, "वहिनीची उलटतपासणी कसली घेतोस? जेव गुमान!"

"होता हो," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे. उन्हाचाच जोर असेल."

आणि ते जेवले. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

दोनच्या सुमाराला कॉम्प्रेसर जळाला. जळका वास गच्चीभर झाला. दुसरा मिळायला दोन दिवस लागणार होते. आम्ही ओल्या चादरी घातल्या, बर्फ आणला, डॉक्टर आले. वन्संचं अंग तव्यासारखं तापत गेलं. संध्याकाळी त्या मला ओळखेनाशा झाल्या. उजाडायच्या आत गेल्या.

ह्यांनी त्यानंतर पाइपला हात लावला नाही. उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवून बसायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. एकदा म्हणाले, "तू तुझं काम चोख केलंस. पुठ्ठा धरलास, काटा वाचलास. हातच माझा खोटा पडला." मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी डोळे पुसले, आणि मी उठून चहा ठेवला.

नऊ वर्षं जगले ते पुढे. अंघोळीच्या बादलीत स्वतः हात घालत नसत, मला घालायला लावायचे.

"तूच सांग, फार गरम नाही ना? माझ्या हाताचा भरवसा नाही, तुझा आहे."

मी हात बुडवायचे आणि सांगायचे, "बरोबर आहे, या."