घरभेटीचा अहवाल

त्रिवेणीला या प्रकरणातून काय मिळणार होते, ते आधी पाहून घेऊ. म्हणजे तिच्यावर राग धरायचा की तिची कीव करायची, हे पुढे ठरवता येईल. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात ती शेवटच्या वर्षाला होती. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे खऱ्या संस्थेत, खऱ्या माणसांत, अनुभवी पर्यवेक्षकाच्या नजरेखाली काम. वर्षअखेर एक तरी प्रकरण पहिल्या भेटीपासून शेवटच्या सहीपर्यंत एकटीने पार पाडलेले दाखवावे लागे. ते दाखवले की पहिला वर्ग. पहिला वर्ग मिळाला की परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेत नोकरी. आणि नोकरी लागली की बरकतपुऱ्यातल्या घरी येणारी स्थळे निदान वर्षभर तरी दारातून परत. एवढा सगळा डोलारा एका जुळलेल्या संसारावर उभा होता. तो संसार तिचा नव्हता, एवढेच.

नल्लकुंट्यातले 'सुमेळ' सल्ला केंद्र चालवणाऱ्या अलका मॅडम तिच्या पर्यवेक्षक होत्या. बाई गोड, आवाज मऊ, आणि हाताखाली अकरा विद्यार्थी. अकरांवर नजर ठेवायची तर डोळे कमी पडतात, म्हणून त्यांनी सहीवर भागवले होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला कोऱ्या अहवालांचा गठ्ठा पुढे ओढायचा आणि 'पर्यवेक्षक उपस्थित' या ओळीखाली सह्या करून टाकायच्या. केंद्राचे अनुदान जुळलेल्या संसारांवर ठरे. मार खाल्लेली बाई नवऱ्याकडे परत गेली की यश, नाही गेली की अपयश. वर पाठवायच्या तक्त्यात तिसरा रकाना नव्हता. परत गेल्यावर तिचे काय झाले, हे विचारायची पद्धतच नव्हती.

अशा केंद्रात बुधवारी सकाळी भाग्यलक्ष्मी आली. वय चोवीस. ब्लाउज शिवणारी, साड्यांना फॉल-पिको करणारी. अर्ध्या गल्लीच्या बायका तिच्या हातचेच घालत. त्या हाताचे मनगट सुजून निळे पडले होते.

"किती दिवस झाले?" त्रिवेणीने वही उघडत विचारले.

"कशाचे, ताई? हाताचे का पाठीचे?"

पाठीवर तव्याच्या कडेच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. एक जुनी, एक ताजी. नवऱ्याला, कुलदीपला, केबलचा धंदा सुरू करायचा होता. घराघरांत आता टीव्हीवर नवनव्या वाहिन्या हव्या होत्या, गल्लीत तारा ओढणाऱ्याला मरण नव्हते, आणि त्यासाठीची गच्चीवरची छत्री, म्हणजे डिश अँटेना, सासऱ्याने द्यावी असे जावयाचे म्हणणे होते. सासरा देत नव्हता. म्हणून तवा.

"रोजच मारायलेत. सासूबाई आधी टीव्हीचा आवाज वाढवतात, मग ह्यांना हाक मारतात," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "परवा शेजारच्या अम्मानं मागच्या दारानं मला घरात घेतलं, नाही तर आज तुमच्याकडं यायला मी राहिलेच नसते."

त्रिवेणीने तक्रारीचे सहा मुद्दे काढले. चौथा असा: पुन्हा मारले तर पोलिसांत जाणार, आणि तशा अर्जावर सही करून तो माहेरी ठेवला आहे.

"फकत मी काय काय बोलले ते घरी सांगू नका, ताई. मला माझी मशीन पाहिजे अन् मार नको. बास."

"इथलं बाहेर जात नाही," त्रिवेणी म्हणाली. पहिल्या वर्षाच्या टिपणांत ते दोनदा अधोरेखित केलेले होते.

दुपारी अलका मॅडमनी मुद्दे वाचले. "छान काढलेस ग. आता घरभेट करून ये. नवऱ्याची बाजू आल्याशिवाय अहवाल एकतर्फी दिसतो. एकेक मुद्दा त्याच्यापुढे ठेव, त्याचं उत्तर शब्दशः उतरव."

"तुम्ही येणार ना, मॅडम?"

"मी आले होते असं लिही. सही आहेच."

त्रिवेणीने क्षणभर मान खाली घातली. मग पहिला वर्ग, नोकरी, परतणारी स्थळे, सगळे एका रांगेत तिच्या डोळ्यांपुढून गेले, आणि तिने सहीचा कोरा अहवाल वहीत चिकटवून वही पिशवीत ठेवली. इथवर तिला दोष देता येतो. पुढे तर द्यावाच लागतो.

शनिवारी सकाळी घरभेट झाली. भाग्यलक्ष्मीला दोन दिवस ठेवून घेऊन आदल्या दिवशीच केंद्राने घरी धाडले होते. सासू सत्यवती उपमा घेऊन आली, त्यावर काजू मोजून चार. कुलदीप इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख.

"बसा की मॅडम. चाय घ्या. आमच्या घराला तुमचे पाय लागले, बहोत झालं."

आणि त्रिवेणीने वही उघडून, वर्गात शिकवल्याप्रमाणे, पहिल्या मुद्द्यापासून वाचायला सुरुवात केली. तवा. टीव्हीचा आवाज. शेजारच्या अम्माचे मागचे दार. स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी भाग्यलक्ष्मी मान हलवत होती, डावी-उजवी, डावी-उजवी. त्रिवेणीला वाटले, लाजतेय बिचारी.

"मारलं हो," कुलदीप म्हणाला. "नवरा आहे मी, झूट कशाला बोलू? आता नाही मारणार."

मग चौथा मुद्दा. तो ऐकून कुलदीपने कप खाली ठेवला, बायकोला जवळ बोलावले आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"या हातानं सही केलीस व्हय? बघून घेतो या हाताला." आणि तो हसला. सत्यवतीही हसली. त्याने मनगट असे काही पिळले की भाग्यलक्ष्मी गुडघ्यावर बसली, पण आवाज आला नाही. त्या घरात आवाज न करण्याची तिला सवय होती.

त्रिवेणीने वाक्य शब्दशः उतरवले. शेजारी निरीक्षणासाठी समास असतो, त्यात लिहिले: 'पतीचा स्वभाव विनोदी.' कुलदीपने समेटपत्रावर सही केली. प्रकरण बंद. ती बाहेर पडली तेव्हा मागे टीव्हीचा आवाज वाढला. ते तिला बसस्टॉपवर पोचल्यावर उमजले. ती धावत परत आली, दार ठोठावत राहिली. आत कुणीतरी सिनेमातले गाणे मोठ्याने गात होते.

दार शेवटी शेजारच्या अम्माने चार माणसे आणून तोडले. सत्यवती सुनेच्या छातीवर गुडघा देऊन तिचे मनगट पाट्यावर दाबून बसली होती. कुलदीपच्या हातात वरवंटा होता. मिरची वाटावी तशी त्याने बोटे वाटली होती. पाट्यावर रक्त, नख आणि हिरवी बांगडी, सगळे एकात एक. भाग्यलक्ष्मीचे डोळे उघडे होते आणि ते दारात उभ्या त्रिवेणीकडे होते.

इस्पितळात तिची तीन बोटे काढली. सत्यवतीने सांगितले, पाटा सरकवताना सुनेच्या हातावर पडला. अम्माने आणलेली चार माणसे संध्याकाळपर्यंत एक झाली, आणि त्या एकानेही काही पाहिले नव्हते. अम्मा तेवढी बोलत होती. पण तिचे घर कुलदीपच्या काकाच्या मालकीचे. म्हणजे कुलदीपचा बेत त्याच्याच तोंडून ज्यात उतरला होता, अशी एकच वस्तू शहरात उरली: त्रिवेणीची वही.

हा हिशोब कुलदीपनेही केला होता. सोमवारी तो केंद्रात शिरला. या वेळी शर्टाला इस्त्री नव्हती.

"मॅडम, ती वही द्या."

"ती कॉलेजची आहे."

त्याने तिची वेणी मुठीत गुंडाळली आणि डोके लोखंडी कपाटावर आपटले. एकदा. वही तिने पोटाशी धरली. दुसऱ्यांदा आपटले तेव्हा कपाळ फुटले आणि रक्त डोळ्यांत आले. "सोडती का नाही? तुझी बी बोटं मोजू का?" ती जमिनीवर गोळा होऊन पडली, त्याने बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. तिने दात त्याच्या पोटरीत रुतवले आणि तो किंचाळेपर्यंत सोडले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका ओरडत आत घुसल्या, तेव्हा तो लंगडत पळाला.

आतल्या खोलीतून अलका मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. ओला रुमाल तिच्या कपाळावर दाबत त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "द्यायची होतीस ग. तू नव्याने लिही. मुद्दे वाचले नाहीत, असं लिही. मीही होते, असं लिहिलंयस ना?"

"तुम्ही नव्हता, मॅडम."

"त्या वहीत तुझी चूक आहे, त्रिवेणी. माझी फक्त सही आहे. तिची गुपितं तू वाचून दाखवलीस. ती वही पोलिसांत गेली, तर मी तुला पास करू शकत नाही. घरी काय सांगशील?"

घरी सांगायची वेळ रिक्षातच आली, कारण वडील नामदेवराव तिला न्यायला आले होते. तिने सगळे सांगितले, समासातल्या शेऱ्यासकट. नामदेवरावांनी एकच विचारले.

"वही दिली तर तू बी दोषी ठरशील का?"

"ठरेनच, अप्पा. आहेच मी."

त्यांनी रिक्षावाल्याला सांगितले, "भैया, घर नको. ठाण्यावर घ्या."

तिने वही दिली. समास न फाडता, उपस्थितीच्या ओळीवर 'खोटे' असे लिहून, खाली आपले नाव घालून. तिथून ती इस्पितळात गेली. भाग्यलक्ष्मीचा हात कापसाच्या गोळ्यात होता. त्रिवेणी बोलायला लागली, तसे तिने थांबवले.

"माफी बिफी नको, ताई. माफी घेऊन मी काय शिवू? कोर्टात या. सहाच्या सहा मुद्दे वाचा. आता वाचा जोरात."

खटला उभा राहिला. त्रिवेणीने साक्षीत मुद्दे वाचले, आणि स्वतःचा शेराही वाचला.

आता कुणी काय किंमत भरली ते. भाग्यलक्ष्मीने तीन बोटे भरली आणि शिवणाचा धंदा भरला. अम्माने राहते घर भरले; महिन्याच्या आत तिला सामान रस्त्यावर मिळाले. त्रिवेणीने दोन बरगड्या आणि पदवी भरली; गोपनीयता मोडली म्हणून कॉलेजने तिला नापास केले, आणि ते काही चुकीचे नव्हते. कुलदीपने आजवर तुरुंगाचे बेचाळीस दिवस भरले आहेत, सत्यवतीने नऊ. दोघे जामिनावर आहेत. 'सुमेळ'च्या त्या वर्षीच्या तक्त्यात हा संसार जुळलेल्यांत धरला आहे, कारण समेटपत्रावर सही होती. अलका मॅडमनी काही भरले नाही. जूनमध्ये त्यांच्याकडे बारा नवे विद्यार्थी पाठवले गेले.