संचाची खोली

प्रियाच्या केसांतून सिमेंटचा खपला काढता काढता रशिदाबाईंनी वर पाहिलं. छतातली गंजकी सळई उघडी पडली होती. पोरीच्या खांद्यावर टेंगूळ आलं होतं. ती रडत नव्हती. एवढ्या जणांसमोर तिला रडायची लाज वाटत होती.

त्या एका खोलीत पाचवी आणि सहावी मिळून एकशे बारा मुलं बसायची. कारखान्यांत कामाला येणाऱ्यांमुळे दिघ्याची वस्ती दर वर्षी फुगत होती, शाळा मात्र पाच खोल्यांचीच राहिली. त्यांतल्या तीन आणि चार नंबरला धोकादायक म्हणून कुलूप. मुख्याध्यापिका या नात्याने बाईंनी वरच्या कार्यालयाकडे दोन खोल्या मागितल्या होत्या. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये खोल्यांऐवजी रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि बावीस कॅसेट आल्या. निम्मी मुलं पडद्यावर शिकतील, निम्मी बाईंकडे. जागेचा प्रश्न सुटेल, असं सोबतच्या पत्रात होतं.

पडद्यावर शिकणाऱ्या मुलालाही बसायला जमीन लागते, हे पत्र लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. सहावीला कॅसेट लावली की पाचवीही मान वळवून तिकडेच बघे. मागच्यांना पडद्याऐवजी पुढच्यांची डोकी दिसत. वीज गेली की एकशे बारा तोंडं एकदम बाईंकडे वळत.

प्रियाला घरी पोचवून बाईंनी छताबद्दलचा चौथा अर्ज पाठवला. ‘विद्यार्थिनी जखमी’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : नोंद घेतली आहे.

शिपाई मानसिंगने कागद वाचून टेबलावर ठेवला.

"बाई, हाच खपला टीव्हीवर पडला असता ना, तर साहेब गाडी घेऊन पळत आले असते."

तो सहज बोलून गेला. बाईंनी मात्र त्याच दुपारी पाचवा अर्ज लिहिला. छताचे तुकडे पडून शासकीय दूरदर्शन संचाचे नुकसान होण्याची शक्यता. मुलांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सही झाल्यावर पुन्हा न वाचताच त्यांनी तो कागद पाकिटात घातला.

तिसऱ्या दिवशी इंजिनियर आला. दोन आठवड्यांत सळया घासून झाल्या, नवा गिलावा झाला, चुना लागला. मग वरच्या कार्यालयातले साहेब स्वतः पाहणीला आले. त्यांनी टीव्हीवरून बोट फिरवलं आणि बोटाची धूळ फुंकली.

"छान झालंय. आता ही संचाची खोली. इथे पोरं कोंबू नका, धुळीने मशीन बिघडतं."

"मग मुलं कुठे बसवू?"

"व्हरांड्यात. थोडं अ‍ॅडजस्ट करा, बाई. गटागटाने आत आणून कॅसेट दाखवा."

व्हरांड्यात मुलं दाटीवाटीने बसली होती. एकाचं दप्तर दुसऱ्याच्या मांडीवर. बाईंनी पदर खोचला.

"साहेब, संच शाळेत कुठे ठेवायचा, ते मुख्याध्यापिकेनेच ठरवायचं ना?"

"अर्थात. जबाबदारी तुमची."

"तेवढं शेरेबुकात लिहून द्या."

साहेबांनी खूश होऊन दोन ओळी लिहिल्या, खाली लांबलचक सही ठोकली. जीप वळणाआड गेल्यावर बाईंनी मुलांना आत बोलावलं. पोरं ओल्या चुन्याचा वास घेत, भिंतींना हात लावत आत शिरली.

बाईंनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढली.

"मानसिंग, टीव्ही उचलायचाय. तीन नंबरमध्ये."

"तीन नंबर? बाई, तिथला स्लॅब कधी खाली येईल भरवसा नाय!"

"माहितीये." बाईंनी टीव्हीची दुसरी बाजू धरली. "आत नका जाऊ, दाराशीच ठेवू. चला लवकर, मला अर्ज लिहायचाय."