जावेचा वेगळा कप

खोटं कशाला बोलू, थोरल्या जावेचा कप म्या वेगळा काढला होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला.

दोन वर्षांमागं जत्रेत आमी दोघी जावांनी दंडावर गोंदून घेतलं, एकाच सुईनं. जळकोटला परत आलो आन् दीड-दोन महिन्यांत म्हाळसाक्कांचे डोळे हळदीवानी पिवळे झाले. ताप, उलट्या, महिनाभर अंथरूण. मला मात्र साधी शिंक न्हाय! "दैवशालाचं रक्तच कडक," असं मीच गल्लीभर सांगत फिरले. अक्का बऱ्या होऊन कामाला लागल्या, पण त्यांचा कप काय खिडकीतनं हालला न्हाय.

परवा गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. तिथल्या गौरी मॅडम म्हणाल्या, "दोघींच्याही रक्तात सी काविळीची खूण आहे. विषाणू अजून कुणात आहे, ते दुसऱ्या तपासणीत कळेल."

कुणात निघणार, ते काय सांगायला पायजे व्हय? म्या अक्कांकडं बघितलं.

आठ दिवसांनी कागद आले. अक्का साफ. विषाणू माझ्यात.

"अवो मॅडम, कागद उलटे झाले असतील! आजारी ह्या पडल्या, मी न्हाय!"

"म्हणूनच तर," मॅडम म्हणाल्या. "यांच्या शरीरानं विषाणू लवकर ओळखला आणि जोरात झुंज दिली. डोळे पिवळे झाले ते त्या झुंजीत. तुमचं शरीर गप्प राहिलं, तो लिव्हरमध्ये बसला. सगळ्यांचंच असं होत नाही, पण पुष्कळदा होतं."

 तरी मला गप बसवंना. एकच सुई, एकच दिवस, भाकर एकाच चुलीवरची, मग ह्यांचंच रक्त कसं जागं झालं?

"काही जन्मापासूनचं असतं. बाकीचं आम्ही अजून शोधतोय."

बघा की! कुत्रं भुंकलं, तर म्या त्यालाच चोर ठरवलं होतं.

"बारा आठवडे गोळ्या घ्या, बहुतेक जण बरे होतात. आणि हा रक्तातनं पसरतो, कपाताटातनं नाही."

अक्का शेजारीच उभ्या होत्या. मला लई लाज वाटली.

घरी येऊन चहा ठेवला. गुमान खिडकीतला कप काढला, माझ्यासाठी. अक्कांनी तो हातातनं काढून घेतला.

"त्यात चहा कसा लागतोय, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू नको पिऊस."