जोडीतला दुसरा नग

“यावर एकचा आकडा ठोकलाय,” नोरा सालोन्तई भिंगातून डोळा न काढता म्हणाली. “म्हणजे दोनचाही असणार. तो कुठाय?”

एटेल्का बाराबाशच्या हातात पोगाच्यांचं ताट होतं. आज तिचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाचा असलेला दिवस. ज्याचा नामदिन त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं, म्हणून पहाटे उठून तिने हे खारे, गोल पाव भाजले होते. चरबीचे कुरकुरीत तुकडे तिने सढळ हाताने घातले होते. नोराचा प्रश्न ऐकून तिची नजर टेबलाच्या खणाकडे गेली. ताट मात्र तिने नीट टेबलावर ठेवलं, वरचं फडकं काढलं आणि म्हणाली, “आधी खाऊन तर घ्या. गार झाले की दगड होतात.”

नोरा पेटंटची वकील. सकाळच्या गाडीने बुडापेस्टहून आलेली, तिशीची, नेटकी मुलगी. सोमवारी अर्ज दाखल व्हायचा होता. त्याआधी वस्तू डोळ्यांनी पाहायची, दोन्ही संशोधकांच्या सह्या घ्यायच्या आणि दुपारच्या गाडीने परत जायचं, एवढंच तिचं काम होतं. दोघांपैकी एक संशोधक म्हणजे प्रोफेसर तिहामेर केलेमेन. तो खिडकीपाशी उभा राहून तिसरा पोगाचा तोंडात टाकत होता. दुसरी एटेल्का. अर्जावर तिचं नाव पहिलं होतं, आणि ते तिहामेरने भांडून पहिलं घातलं होतं.

“मावशी, वस्तू कुणाच्या डोक्यातून निघाली? माझ्या? मला साधा डबा उघडता येत नाही,” असं तो म्हणाला होता. ते खरंच होतं.

सेगेडच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या याच तळघरात एटेल्काने एकतीस वर्षं लेथ चालवली. वर डॉक्टर मंडळी उंदरांच्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत, आणि त्यांना जे जे हवं ते खालून ही बाई करून देई. केसाइतकी बारीक सुई, मटारच्या दाण्याएवढा पंप, मापून पाव मिलिमीटर सरकणारा स्क्रू. त्यावर जगभर निबंध छापले गेले. निबंधाच्या शेवटी एक ओळ असे, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल कार्यशाळेचे आभार.’ कार्यशाळा म्हणजे एटेल्का, दुसरं कुणी तिथे नव्हतंच. ती कधी कुणाला काही बोलली नाही. पण जूनमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि महिनाभर तो अर्जाचा कागद तिने पर्समध्ये घालून घरी नेला होता, रोज रात्री जेवल्यावर नाव वाचायला. साठीच्या बाईने असं करावं याची तिला लाज वाटे आणि तरी ती वाचे.

याचं कारण होतं. तिचे वडील घड्याळजी. तिसा नदीकाठी त्यांचं दुकान होतं, आणि दुकानावर निळ्या मिन्याची पाटी होती, ‘बाराबाश’. दुकान सरकारजमा झालं तेव्हा दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी पाटी उतरवली. चौदा वर्षांची एटेल्का शिडीखाली उभी होती. वडील पुढे वीस वर्षं सहकारी कारखान्यात घड्याळं दुरुस्त करत राहिले, पण त्यांचं नाव पुन्हा कुठे लागलं नाही.

आता ते अर्जावर लागलं होतं.

वस्तू म्हणाल तर घेवड्याच्या दाण्याएवढी. दोन वाकड्या नांग्या, मध्ये वडिलांच्या डब्यात उरलेल्या घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा. एटेल्का तिला खेकडा म्हणे. उंदराच्या शेपटीच्या शिरेत औषधाची नळी घातली की उंदीर वळवळे आणि नळी निसटे. सगळ्यांनी नळी घट्ट बांधायचे उपाय केले, त्याने शीर चेपे. एटेल्का आठवडाभर पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसली आणि मग म्हणाली, “शिरेला धरायचंच नाही. नळीला धरायचं, आणि उंदीर हलला की त्याच्याबरोबर हलायचं.” तिहामेर तिच्याकडे पाहतच राहिला होता. मोठ्या शहाण्यांना जे दहा वर्षांत सुचलं नव्हतं, ते या बाईला स्टुलावर बसून सुचलं. आता व्हिएन्नाचा एक कारखाना तो खेकडा बनवायला तयार होता, पण पेटंट असेल तरच.

“बाई, दोन नंबरचा,” नोराने आठवण केली.

“मावशी सगळं जोडीनेच करतात,” तिहामेर म्हणाला. “वडिलांची शिकवण. पहिला नग शिकवतो, दुसरा काम करतो. काम झालं की दुसरा इथेच परत येतो, या खणात.”

त्याने खण ओढला. आत फडक्यावर सुबक रांगेने जोड्यांतले दुसरे नग मांडलेले होते, एकतीस वर्षांचे. एक जागा रिकामी होती.

तिहामेरने त्या जागेकडे पाहिलं, मग एटेल्काकडे. तो काही मूर्ख नव्हता.

“नोराबाई, एवढं महत्त्वाचं आहे का हे?”

“या कागदावर मी लिहितेय की आजच्या आधी ही वस्तू संस्थेबाहेर कुणाच्याही हातात गेलेली नाही. गेली असेल, तर ती नवी राहत नाही. मग पेटंट नाही. म्हणून विचारायलाच हवं.” नोराने पेनाचं टोपण काढलं. “तुम्ही सांगाल ते मी लिहीन.”

मग तिहामेर अगदी सहज म्हणाला, “मोडला असेल तो. नाही का, मावशी? एवढीशी ती स्प्रिंग. मोडला, फेकून दिला. होतं असं.”

त्याने वाट करून दिली होती. एटेल्काने फक्त मान हलवायची होती. पाटी पुन्हा वर चढणार होती आणि खाली शिडी धरायला तिहामेर स्वतः उभा होता.

तिने हात एप्रनला पुसले.

“माझ्या हातचा मोडत नाही,” ती म्हणाली.

“मावशी!”

“नाही मोडत, प्रोफेसरसाहेब.” चिडली की ती त्याला साहेब म्हणे, एरवी विद्यार्थी असल्यापासून तो तिचा तिहामेरच होता. “तो माकोला आहे, शेजारच्या गावी. तिथल्या दवाखान्यात. चांगला चालतोय.”

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी माकोच्या बसमध्ये शेजारी एक नर्स बसली होती, विल्मा नावाची. नवजात बाळांच्या वॉर्डातली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, पावाच्या लादीएवढी पोरं. सुई निसटते आणि पुन्हा टोचावी लागते, एका दिवसात पाच-पाचदा. हात निळे होतात त्यांचे, ती सांगत होती, आणि रडायचंसुद्धा बळ नसतं हो त्यांच्यात. एटेल्का ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने खणातून दोन नंबरचा खेकडा काढला, पाण्यात तासभर उकळला आणि त्याच बसने नेऊन दिला.

“उंदराची वस्तू बाळांना?” तिहामेर ओरडला. “कुणाला न विचारता?”

“त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिला. महिनाभर तपासला, मग वापरला. तुला विचारायला हवं होतं, ते खरं. संस्थेची वस्तू होती. ती चूक माझी.”

“पण ‘कुणाला दाखवू नका’ असं तर तुम्ही बजावलं असेल ना?” नोराने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती. “गुप्त ठेवा, असं काही?”

“छे हो. उलट म्हटलं, लागेल त्याला दाखवा.”

“आणि बदल्यात काही घेतलंत?”

“लसणाची माळ दिली विल्माने. नाही म्हणायला जमलं नाही. माकोचा नामांकित लसूण.”

नोराला हसू आलं आणि तिने ते लगेच आवरलं. मग तिने पेनाचं टोपण लावलं. “मला फार वाईट वाटतं, बाई. खरंच. याहून सुंदर वस्तू मी आजवर पाहिली नाही.” जाताना तिने कागदात चार पोगाचे बांधून घेतले. एटेल्काने बळेच आणखी दोन घातले.

तिहामेर तडक वर निघून गेला. एटेल्काने टेबल पुसलं, खण लावला आणि पर्समधला तो घडी घातलेला कागद काढून लेथखालच्या धातूच्या किसाच्या डब्यात टाकला. घरी गेल्यावर ती रडली. खोटं कशाला सांगा, चांगली हमसून रडली, आणि तेही नामदिनाच्या दिवशी.

दोन दिवस तिहामेर तळघराकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून आत आला. डोक्यावर टोपी, हातात गाडीची किल्ली.

“चला.”

“कुठे?”

“माकोला. मी दहा वर्षं उंदरांवर घालवली. तुम्ही ती वस्तू तीन वर्षं माणसांच्या पोरांना लावून बसलाय आणि मला सांगत नाही. मला बघायचंय, मावशी.” त्याचा राग अजून गेला नव्हता, पण त्याने गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

विल्मा एटेल्काला पाहून धावतच आली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिहामेरकडे वळून म्हणाली, “हे कोण? तुमचा मुलगा?”

“मुलगाच समजा,” तिहामेर म्हणाला. “ऐकत नाहीत माझं.”

वॉर्ड उबदार होता. काचेच्या पेटीत एक मुलगी झोपली होती, नऊशे ग्रॅम वजनाची. तिच्या मनगटाला खेकडा होता. ती अंगठा हलवी तशी नांगी तिच्याबरोबर हले, आणि नळी जागच्या जागी राही. इतक्या वेळा उकळून त्यावरचा दोनचा आकडा पार झिजून गेला होता. तिहामेर पेटीपाशी वाकला. मग त्याने चष्मा काढून पुसला.

“किती बाळं झाली?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“एकशे चाळीसवर मोजायचं सोडलं,” विल्मा म्हणाली. “एकच आहे ना, पाळीपाळीने लावतो. जे बाळ जास्त नाजूक, त्याला आधी.”

भिंतीलगतच्या टेबलावर निर्जंतुक करायचा पत्र्याचा डबा होता. झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत कुणीतरी ठसठशीत लिहिलं होतं, ‘एटेल्का’. एटेल्का त्याच्यासमोर थांबली.

“अहो, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं,” विल्मा ओशाळून म्हणाली. “मग आम्ही सगळ्या असंच म्हणायला लागलो. एटेल्का उकळलीस का, एटेल्का कुणाला लावलीय. पट्टी मळलीय बघा, बदलते मी.”

“राहू दे,” एटेल्का म्हणाली.

तिने पर्समधून वडिलांचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पेटीच्या काचेवर वाकली. श्वासाने काच धुरकटली, ती तिने बाहीने पुसली.

“स्प्रिंग मऊ पडलीय,” ती म्हणाली. “गुरुवारी नवा आणते. दोन आणते.”