जॉन्सनव्हिलचा अवेळी बहर

जुलैच्या बोचऱ्या वाऱ्यात न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलला विवेकच्या घरामागे पन्नासेक शिकलीसवरलेली माणसं बूट-मोजे काढून चिखलात उभी होती. समोर पोहुतुकावाचं झाड. नाताळात फुलायचं ते ऐन हिवाळ्यात लाल तुऱ्यांनी पेटलेलं. हरितानंद महाराज बुंध्याला मिठी मारून घुमत होते. त्यांनी मंत्र फुंकला आणि झाडाने पंचांगच बदललं, असं भक्त सांगत होते.

रांगेत काशिनाथमामांची भाची कांचन होती. छातीत गाठ, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. झाड अवेळी फुलतं तशी गाठ अवेळी विरते, असं महाराजांचं शास्त्र; ऑपरेशन रद्द करून तिने फुलांच्या केसरांचं पाणी प्यायचं होतं. त्या पाण्यात मेलेली मुंगी तरंगत होती. साताऱ्याला जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेले मामा पुढे झाले.

"महाराज, डेअरीसमोरचं झाड फुललेलं नाही, त्यावरही फुंका की."

"ते तामसी आहे."

"मामा, एनर्जीचा विषय आहे हा," विवेक म्हणाला. "हीप्स लोकांना, ढीगभर लोकांना फरक पडलाय."

मामा निघाले. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान; त्यासमोरच्या झाडाची फांदी मोडली, नर्सरीतून एक कुंडी उचलली आणि परत येऊन महाराजांच्या झाडाचंही पान तोडून तिन्ही पानं कांचनच्या तळहातावर ठेवली. डेअरीचं पान लांबट, टोकदार. महाराजांचं आखूड, गोलसर. कुंडीतलंही तसंच, आणि कुंडी फुललेली.

"ही पोहुतुकावाची करमाडेक बेटांवरची चुलत बहीण. थोडीथोडी वर्षभर फुलते. नर्सरीवाल्याने हिला नुसतं पाणी घातलंय."

हापूस आणि पायरी वासावरून ओळखणाऱ्या त्या मंडळींनी इथलं प्रत्येक लाल झाड एकाच नावाने खपवलं होतं.

कुंपणावरून शेजारीणबाईंनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार केला आणि महाराजांकडे पाहून हसत सांगू लागल्या. विवेकने घर घेण्याआधी, गेल्या हिवाळ्यात, हेच गृहस्थ इथे भाड्याने राहायचे. अंगणात पडणाऱ्या फुलांबद्दल रोज कुरकुर करायचे.

महाराजांनी बुंधा सोडला.

कांचनचे डोळे भरले. "मामा, एवढीच आशा होती मला."

"आशा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात आहे, बाळा. ह्या घाणीत नाही."

तिने पाणी चिखलात ओतलं आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. तारीख अजून तिचीच होती.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी शेजारच्या झाडाचं एक पान आणून ताडून बघा. देव असलाच, तर तेवढ्याने रागावणार नाही.