गवतावरची मासेमारी

दोरी पाठीमागून सणसणत आली आणि पुंजा भोयाचं पागोटं घेऊनच गवतावर पडली. पुंजाचं पिकलं डोकं भर बागेत उघडं पडलं, तशी फुलझाडांना पाणी घालणारी कुसाबाई तोंडाला पदर लावून खुदकन हसली.

"हसतीस काय? कालपासनं तर शिकतोय," पुंजा म्हणाला.

"काल पागोटं वाचलं व्हतं, यवढंच," कुसाबाई म्हणाली आणि झारी घेऊन पुढच्या वाफ्याकडे वळली.

डंकनसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पागोट्यात अडकलेली दोरी सोडवली. दोरीच्या टोकाला गळ नव्हता, तांबड्या लोकरीचा एक झुपका होता. साहेबांनी तो बोटांनी सारखा केला आणि आपल्या पलटणी हिंदीत पुन्हा तेच सांगितलं, "जल्दी नहीं, पुंजा. डोरी को पीछे पूरा जाने दो. रुको. फिर आगे."

"व्हय साहेब," पुंजा म्हणाला. बागेच्या कडेला, जांभळाखाली एक लाकडी खोका पालथा पडला होता. पुंजाने पागोटं त्याच्यावर ठेवलं आणि चौदा फुटी काठी पुन्हा दोन्ही हातांत धरली. समोर वीस-पंचवीस पावलांवर एक घमेलं ठेवलेलं होतं. लोकरीचा झुपका त्या घमेल्यात पडायला हवा होता. तो घमेल्याच्या आसपासही फिरकला नाही.

आता यात गंमत अशी, की दारणा नदीच्या काठावर पुंजाचा हात धरणारा दुसरा भोई नव्हता. फेकजाळ्याची कड दातांत धरून तो कमरेतून असा वळायचा, की जाळं पाण्यावर पडताना पुरतं गोल उघडायचं. देवळालीपासून भगूरपर्यंत कुणालाही विचारा. आणि तोच पुंजा पंचावन्नाव्या वर्षी, कोरड्या गवतावर, गळ नसलेल्या दोरीने, नसलेला मासा धरायला शिकत होता. कॅम्पातल्या बाजारात लोकांची त्यावर चांगली करमणूक चालली होती. पोरगा गेला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं काही जण म्हणत. पुंजाच्या कानावर ते येई. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. साहेब शनिवारी बंगला सोडून कायमचे विलायतेला निघणार होते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकदा, फक्त एकदा, ती दोरी सरळ गेलेली त्याला बघायची होती.

कारण ती गेणूने फेकलेली असताना त्याने बघितली नव्हती.

गेणू त्याचा एकुलता एक मुलगा. बंगल्यावर घोड्याचं करायला म्हणून लागला होता. साहेब लष्करातून निवृत्त झालेले, त्यांच्या मुलखात सामन नावाचा मोठा मासा होतो, तो असल्या काठीने धरायचा असतो. तिकडे गेले की धरायचा म्हणून साहेब इथे संध्याकाळी गवतावर सराव करायचे. शिकवायला कुणी नाही. खुर्चीवर पुस्तक उघडं ठेवायचे, एकदा पुस्तकात बघायचे आणि एकदा काठी हाणायचे. गेणू घोड्याला खरारा करता करता ते बघायचा. एक दिवस साहेबांनी गमतीने काठी त्याच्या हातात दिली. दोन वर्षांत अशी वेळ आली, की साहेबच पुस्तक मिटून गेणूकडे बघायला लागले. मग साहेब म्हणाले, मी कायमचा जाईन तेव्हा तू चल, एक हंगाम माझ्या नदीवर राहा, मग परत ये.

गेणूने हे घरी सांगितलं तो दिवस वाईट निघाला. पुंजाने त्याच्यासाठी सात महिने खपून नवं जाळं विणलं होतं. सूत स्वतः पिळलं होतं, शिशाच्या गोळ्या स्वतः ओतल्या होत्या. ते जाळं खुंटीवर तसंच राहिलं होतं, आणि पोरगा गवतावरच्या माशाच्या गोष्टी सांगत होता. पुंजा म्हणाला, "ही भोयाची अवलाद का साहेबाची रं? माझ्याशी बोलू नगंस." माणूस रागात बोलून जातो, पण पुंजा ते धरून बसला. ज्येष्ठापासून पौषापर्यंत बापलेक एका चुलीचं खाऊन एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर मध्ये सून होती, भागी. "सांग त्याला, छपराचा वासा कुजलाय." "सांग बाला, मी बदलतो." घरात तीन माणसं, आणि बोलायचं सगळं तिच्या एकटीच्या तोंडून.

पौषात गेणूला ताप भरला. तिसऱ्या रात्री त्याने डोळे उघडले. भागी पाणी आणायला उठली होती, म्हणून की काय, तो थेट बापाशी बोलला. "बा, तू येकदा तरी बघाया यायला पायजे व्हतंस."

"बरा हो आधी," पुंजा म्हणाला. "बरा हो, मंग येतो. नक्की येतो."

सकाळी तो गेला.

बुधवारी पुंजाने नवाच घोटाळा केला. काठीच्या चकरीतून काढलेल्या दोरीचा मोकळा वेढा हाताखाली लोंबत होता, आणि दोन्ही हात काठीत गुंतलेले. हयातभराची सवय, त्याने तो वेढा दातांत धरला, जाळ्याची कड धरावी तसा. काठी पुढे आली, दोरी झटक्याने सुटली आणि खालचा ओठ कापत गेली. गवतावर रक्ताचे थेंब पडले. साहेब धावत आले, खिशातला रुमाल काढून त्यांनी ओठावर दाबला, आणि तसेच थांबून त्याच्याकडे बघत राहिले.

"गेणू ने भी यही किया था," ते म्हणाले. "पहले दिन. यही, दाँत में."

पुंजाला ते ठाऊक होतं. म्हणजे, तो ओठ त्याने पाहिला होता. जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी गेणू सुजलेल्या ओठाने भाकरी कुस्करून खात होता, आणि काय झालं रे, असं विचारायचं पुंजाच्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हा तर भांडणही नव्हतं. बंगल्यावरचं काही असेल, म्हणून त्याने विचारलं नाही. रुमाल ओठाला लावून उभा असताना त्याला एवढंच सुचत होतं, की पोराने जाळं टाकून दिलं नव्हतं. ते त्याच्या दातांत होतं.

गुरुवारी हात आणखी बिघडला. दोरी एकदा जांभळात अडकली, एकदा साहेबांच्या खुर्चीत. साहेब शेवटी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, की हे होण्यासारखं नाही, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. ही काठी मी गेणूलाच देणार होतो, ती तू घरी घेऊन जा.

"काठी नको साहेब," पुंजा म्हणाला. "त्याचा हात पायजे."

साहेबांना मराठी फारशी येत नव्हती, पण त्यांनी लोकरीचा झुपका पुन्हा बोटांनी सारखा केला.

त्या संध्याकाळी भागीने भाकरी वाढली आणि त्याचा ओठ बघून दुधाची वाटी पुढे सरकवली. "बुडवून खावा, मामंजी. तिखट झोंबल."

"भागे, तू पाहिलं व्हतंस का गं कधी? त्याला, दोरी फेकताना?"

"दोनदा. भाकर घेऊन गेल्ते तवा." ती चुलीकडे तोंड करून बोलत होती. "आवाज बी व्हत नव्हता. दोरी मागं जायची, वाईच थांबायची, आन् मंग पुढं. मला त्यातलं काय कळतंय? पर बघत ऱ्हावं वाटायचं."

"आन् त्यो मासा? सामन?"

"त्यो म्हणं जल्मतो नदीत, जातो समुद्रात, आन् मोठा झाला की आपल्याच नदीला माघारी येतो. कितीबी लांबनं. हे म्हणायचे, बाला सांग, मी बी तसाच येईन माघारी." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मी सांगितलं व्हतं तुमाला."

सांगितलं होतं. पुंजाला ते आठवलं, आणि आपण दिलेलं उत्तरही आठवलं. सांग त्याला, म्हणावं, आला काय आन् गेला काय. हेच शब्द. भागीने ते नवऱ्याला जाऊन सांगितले होते की पोटात ठेवले होते, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने दुधात बुडवलेली भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला.

शुक्रवारी बंगल्यापुढे बैलगाड्या उभ्या होत्या. व्हरांड्यातल्या पेट्या, खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, सगळं मंगळू हमाल गाडीवर चढवत होता. बाग नेहमीसारखीच हिरवी होती, फक्त खुर्ची आणि पुस्तक तेवढं गेलेलं. साहेबांनी काठी पुंजाच्या हातात दिली आणि स्वतः व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

पहिली फेक वाया गेली. दुसरी गेली. सहावी-सातवी गेली. ऊन जांभळाच्या शेंड्यावर पोहोचलं. पुंजाचा हात जाळ्याचा होता. जाळं कमरेतून वळलं की सुटलंच पाहिजे, तिथे थांबलात तर चुकलात. चाळीस वर्षं ज्याने थांबण्याची चूक केली नव्हती, त्याला आता थांबता येत नव्हतं.

एवढ्यात मंगळूने जांभळाखालच्या खोक्यावरचं पागोटं बाजूला केलं आणि खोका उचलला.

"ठेव तो," कुसाबाई झारी टाकून ओरडली. "ठेव म्हणते ना! ती गेणूच्या बाची जागा हाय."

पुंजाने काठी खाली केली. "काय म्हणालीस?"

कुसाबाई गोरीमोरी झाली. पाच दिवस हा माणूस त्या खोक्यावर पागोटं ठेवत होता, आणि पाच दिवस ती गप्प राहिली होती.

"त्याचं काय झालं, पुंजादादा," ती म्हणाली, "मागल्या पावसाळ्यात गेणूनं त्यो खोका तबेल्यातनं आणून तिथं मांडला. मी म्हटलं, कशाला रे? तर म्हणला, माझा बा येईल बघाया, त्याचे गुडघे दुखत्यात, उभा ऱ्हायचा नाय. रोज सांजच्याला फडक्यानं पुसायचा. आन् दोरी मागं गेली की मान वळवून त्या खोक्याकडं बघायचा, येक डाव. मंग पुढं फेकायचा. दर फेकीला. मी म्हणायची, अरं आला की हाक मारंल की त्यो. तर नुसता हसायचा."

पुंजा म्हणाला, "मंगळू, खोका व्हता तिथं ठेव."

मंगळूने खोका ठेवला आणि पागोटंही परत त्याच्यावर ठेवलं. पुंजाने काठी उचलली. दोरी गवतावरून उठली, डोक्यावरून मागे गेली, आणि पुंजाने मान वळवून खोक्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तेवढंच बघून त्याने मान परत फिरवली. मागे गेलेली दोरी तेवढ्या वेळात पुरती लांब झाली होती. तिचा ताण काठीतून त्याच्या मनगटात उतरला. त्याने ती पुढे सोडली. आवाज झाला नाही. तांबड्या लोकरीचा झुपका घमेल्यात पडला.

पायरीवर साहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची हॅट काढून हातात धरली होती.

पुंजाला रडू फुटलं. गेणू गेला त्या सकाळी, नदीवर नेताना, तेराव्याला, कधीच फुटलं नव्हतं, ते इथे परक्याच्या बागेत फुटलं. त्याने ते आवरलं नाही. रडतच त्याने दोरी गुंडाळली आणि काठी गवतावर जपून आडवी ठेवली. मग जांभळाखाली जाऊन त्याने पागोटं उचललं आणि डोक्याला नीट बांधलं, कुणाच्या घरी जाताना बांधावं तसं. गुडघ्यावर हात टेकून तो खोक्यावर बसला.

"पुंजादादा, पाणी आणू का?" कुसाबाईने विचारलं.

"नको," पुंजा म्हणाला. "जरा बसतो. सांगितलं व्हतं त्याला, येतो म्हणून."

गाड्या भरून झाल्या, बैल जुंपले गेले. मंगळू एकदा खोक्याकडे आला आणि तसाच मागे फिरला. पुंजा समोरच्या मोकळ्या गवताकडे बघत बसला होता.