मुख्यालयी निवासाचा ठराव

ग्रामसभेपुढे ठराव असा होता: आरोग्य केंद्राचे डॉक्टर, शाळेचे शिक्षक आणि ग्रामसेवक मुख्यालयी, म्हणजे गावातच, राहतात. हे विधान असत्य आहे. ही सर्व मंडळी सांगलीहून अप-डाऊन करतात. ठराव वाचणारा ग्रामसेवकसुद्धा सकाळी डॉक्टरांच्याच गाडीतून उतरला होता. तरीही गाव दरवर्षी हात वर करते. ठरावावाचून घरभाडे भत्ता थांबतो, भत्ता थांबला की माणूस बदली मागतो, आणि रिकामी झालेली जागा भरत नाही. याला आमच्याकडे सांभाळून घेणे म्हणतात. यंदा ठराव पडावा म्हणून मी आलो होतो. माझ्या एकट्याच्या विरोधाला किंमत नव्हती. पण शेजारचा बिराप्पा उठून बोलला असता, तर निम्मे हात खाली राहिले असते.

बिराप्पाच्या बायकोला, बनाबाईला, दिवाळीनंतर कडबा बांधताना घोणस चावली. मी दोघांना गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेले. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. शिपाई अर्जुना म्हणाला, साहेब डाऊन गेले. सर्पदंशाची लस कपाटात होती आणि कपाटाची किल्ली साहेबांबरोबर मिरजेच्या रस्त्यावर होती. फोन लागेना, कारण नेटवर्क डाऊन. रुग्णवाहिकेची बॅटरी डाऊन. बनाबाईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा अर्जुनाने दंडाला पट्टा बांधून सांगितले, बीपी डाऊन हाय.

मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. खालची दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे असते. तिला ठाम अर्थ आहे. आमच्या तालुक्यात मात्र बेदाण्याचा दर डाऊन असतो, मोटारीचे व्होल्टेज डाऊन असते, तलाठ्याचा सर्व्हर डाऊन असतो, निवडणूक हरलेला माणूस डाऊन असतो आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारीही डाऊनच असते. या वापरांत दिशा कुठेच नाही. समान गोष्ट एकच: जे घडले ते कोणी केले, हे त्या शब्दात सांगावे लागत नाही.

सांगलीला पोहोचेपर्यंत उशीर झाला. लस वेळेत मिळती तर मूत्रपिंडे वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. शक्यता वाढली असती, एवढेच. बनाबाई जगली. आठवड्यातून तीनदा तिला सांगलीला डायलिसिस लागते.

हे सर्व मी सभेत सांगितले. डॉक्टर मान खाली घालून बसले होते. मग मी बिराप्पाकडे पाहिले.

तो उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "माझा ठरावाला पाठिंबा हाय."

मागे कोणीतरी हसले. मी विचारले, का.

"आवं सर, साहेब रोज सांजच्याला सांगलीला जात्यात. हिला गाडीत घेत्यात. रात्री बहिणीकडं मुक्काम, पहाटं डायलिसिसची पाळी, आन् सकाळी त्यांच्याच गाडीनं माघारी. तुमच्या म्हणण्यानं साहेब हितं राहिलं, तर हिला कोण न्यायचं?"

मी म्हणालो, मी नेईन.

"आठवड्यातनं तीनदा? जलमभर?" मग त्याने विचारले, "तुमचं वय काय, सर?"

बहात्तर, हे उत्तर त्याला माहीत होते. ज्याच्या अप-डाऊनमुळे तिची मूत्रपिंडे गेली, त्याच्याच अप-डाऊनवर ती आता जगत होती, आणि या मांडणीत मला तर्काची एकही चूक सापडत नव्हती. माझा राग त्यामुळे कमी झाला नाही.

हात वर झाले. दारापाशी बसलेल्या बनाबाईनेही सुजलेला हात वर केला.

ग्रामसेवकाने ठराव सर्वानुमते मंजूर, असे लिहिले. मी वहीवर हात ठेवला. 'सर्वानुमते' खोडा, बहुमताने लिहा आणि विरोधकाचे नाव नोंदवा, असे त्याला सुनावले. तो सरपंचांकडे पाहू लागला. सरपंच म्हणाल्या, उद्या बघू. मी हात काढला नाही.

बाहेर गाडी सुरू झाली. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले होते आणि बनाबाई पिशवी मांडीवर घेऊन मागे.

"सर, मलापण त्याच गाडीनं जायचं हाय," ग्रामसेवक हलक्या आवाजात म्हणाला. "माझं ऱ्हाऊ द्या. त्या बाईंना उशीर होतोय."

मी वहीवरचा हात काढला.